आधीचा फोटो

मंगळावरचा ताजा आघात आम्ही डागावरून शोधतो. उल्का आदळली की हवेच्या दणक्याने भोवतालची फिकट धूळ उडते आणि खालची गडद जमीन उघडी पडते. विवर अनेकदा जेमतेम पाच-सहा मीटरचं असतं, पण डाग मोठा असल्याने तो मार्स रिकनिसन्स ऑर्बिटरच्या सीटीएक्स कॅमेऱ्यात दिसतो. त्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे सुमारे सहा मीटर. त्याच जागेच्या जुन्या फोटोत डाग नसेल, तर आघात त्या दोन फोटोंच्या मधला.

माझ्याकडे 2020 चा फोटो होता, त्यात डाग स्वच्छ दिसत होता. आधीचा फोटो होता ऑगस्ट 2018 चा, त्यात डाग नव्हता. मी तक्त्यात दोन वर्षांचा काळ लिहून टाकला.

माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, या जुन्या फोटोत शेजारच्या मोठ्या विवराची कडासुद्धा नीट दिसत नाहीये." मी म्हटलं, "प्रकाशाचा कोन वेगळा असेल." मान वर करून तिच्या पडद्याकडे मी पाहिलंही नाही. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

2018 च्या जूनमध्ये अख्ख्या मंगळावर धुळीचं वादळ पसरलं होतं. ते ओसरू लागलं तरी हवेत धूळ होतीच. डाग तिथे होता, धुळीआड होता. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या वादळावर मी वर्गात शिकवत असे. पण तक्ता भरताना मी तारीख वाचली, हवा पाहिली नाही.

पुढे दुसऱ्या एका अभ्यासकाने 2012 चा फोटो पाठवला. डाग त्यातही होता.

त्या तक्त्यावर आधारलेला लेख मागे घ्यावा लागला. आघातांचा दर आम्ही अशाच नोंदींवरून काढतो आणि त्या दरावरून मंगळाच्या तरुण पृष्ठभागांचं वय ठरवतो, म्हणून चूक एका ओळीपुरती राहत नाही. फोटोंच्या शंभरावर जोड्या पुन्हा तपासताना विद्यार्थिनीचे पाच महिने गेले. चूक तिने पकडली होती, किंमतही तिनेच मोजली. मी तिची माफी मागितली, पण ते महिने तिला परत देता आले नाहीत.

आता जोडी तपासताना आम्ही आधी डागाकडे बघत नाही. जुन्या फोटोत शेजारची ओळखीची विवरं स्पष्ट दिसतात का, हे पाहतो. दिसत नसतील तर तो फोटो बाद. सुधारलेल्या तक्त्यात त्या विवरासमोर आघाताच्या काळाचा रकाना कोरा आहे.