रेट्रोमध्ये आधी एसईची मुलं बोलणार

बीईच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी कॉलेजच्या बाहा टीमचं व्यवस्थापन माझ्याकडे आलं. बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा २००७पासून भरते. खड्डे, चिखल, दगडगोटे तुडवत जाणारी एका माणसाची गाडी मुलांनी स्वतः डिझाइन करायची, स्वतः बांधायची आणि स्पर्धेत उतरवायची. आम्ही उतरलो तेव्हा ती इंदूरजवळ पीथमपूरला, नॅट्रॅक्सच्या ट्रॅकवर होती. इंजिन सगळ्या टीमना सारखंच, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० अश्वशक्तीचं. म्हणजे कस लागणार तो रोलकेजचा, सस्पेन्शनचा, गिअरबॉक्सचा आणि ते बांधणाऱ्या पोरांचा.

पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत असते तशीच आमच्याकडेही दुसऱ्या वर्षाची एसई, तिसऱ्या वर्षाची टीई आणि शेवटी बीई अशी उतरंड होती. कॅप्टन बीईचा, सस्पेन्शन-ब्रेक-ट्रान्समिशनचे हेड बीई आणि टीईचे. एसईच्या मुलांनी पाइप घासायचे, भोसरीच्या एमआयडीसीत जॉब पोचवायचे, रात्री वडापाव आणायचे. वर्षाचं वेळापत्रक जूनमध्ये एका भल्यामोठ्या एक्सेल शीटवर तयार व्हायचं आणि गणपती येईपर्यंत तिच्याकडे कुणी बघेनासं व्हायचं.

टीईनंतर मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत इंटर्नशिप केली होती. कामाचे दोन-दोन आठवड्यांचे टप्पे म्हणजे स्प्रिंट, रोजची उभ्याउभ्याची बैठक म्हणजे स्टँडअप, स्प्रिंटच्या शेवटी काय जमलं-काय चुकलं हे बोलायची बैठक म्हणजे रेट्रो, हे तिथे जवळून पाहिलं होतं. ते टीममध्ये आणायचं म्हटल्यावर कॅप्टन म्हणाला, "अगं, हे कोड लिहिणाऱ्यांचं आहे. कोड रात्रीत बदलतो. चाकाचा नकल मशीनवरून उतरल्यावर काय बदलणार?" प्रश्न रास्त होता. पण या पद्धतीचं मूळ वस्तू बनवणाऱ्या लोकांतच आहे. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये जो लेख लिहिला, त्यातल्या टीम होंडाची छोटी कार, कॅननचा कॅमेरा, फुजी-झेरॉक्सचं कॉपिअर बनवणाऱ्या होत्या. एका विभागानं आपलं काम उरकून पुढच्या विभागाकडे ढकलायचं नाही, रग्बीसारखा सगळ्यांनी मिळून चेंडू पुढे न्यायचा, ही कल्पना त्यांची. जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी सॉफ्टवेअरसाठी हीच पद्धत स्क्रम या नावानं मांडली ती १९९५मध्ये, आणि अजाइलचा जाहीरनामा त्याहून नंतरचा, २००१चा. आपण तर गाडीच बनवतोय, असं मी कॅप्टनला सांगितलं. एक स्प्रिंट करून बघू, एवढ्यावर तो तयार झाला.

जसंच्या तसं उचलून मात्र चालणार नव्हतं. गिअरबॉक्सचंच घ्या. मटेरियल आणायचं, मग टर्निंग, मग हॉबिंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग, आणि यातलं जवळपास प्रत्येक काम वेगळ्या शेडमध्ये. हीट ट्रीटमेंटवाले काका कॉलेजच्या चार गिअरसाठी भट्टी पेटवत नाहीत. मोठ्या ऑर्डरबरोबर आपलेही टाकतात. दोन आठवड्यांत गिअरबॉक्स हवा असं बोर्डावर लिहिणं म्हणजे ट्रान्समिशनच्या पोरांवर अन्याय. म्हणून प्रत्येक स्प्रिंटच्या सुरुवातीला आम्ही एकमेकांना विचारायला लागलो, की या दोन आठवड्यांत कोणती शंका मिटवायची? गिअरसाठी पहिल्या स्प्रिंटचं उत्तर होतं, ड्रॉइंग पक्कं करून ऑर्डर देणं. बस, तेवढंच.

रोलकेजच्या बाबतीत याचा फायदा डोळ्यांनी दिसला. ड्रायव्हरला पाच सेकंदांत गाडीबाहेर पडता आलं पाहिजे, हेल्मेट आणि वरचा पाइप यांत सहा इंच अंतर हवं, असे रूलबुकचे नियम आहेत. स्टीलला करवत लावण्याआधी आम्ही प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणले, टेप गुंडाळून अख्खा पिंजरा उभा केला आणि आमच्या उंच ड्रायव्हरला हेल्मेट घालून आत बसवलं. पाय उचलताच गुडघा स्टीअरिंगला अडकला. कॅडमधल्या पुतळ्याची उंची सरासरी होती, आमच्या ड्रायव्हरची नव्हती. पीव्हीसीवर दुरुस्ती एकाच संध्याकाळी झाली. हीच गोष्ट स्टीलमध्ये कळली असती तर नॉचिंगपासून पुन्हा सुरुवात करावी लागली असती. कॅप्टनचा विरोध त्या संध्याकाळी संपला.

बोर्ड म्हणजे वर्कशॉपच्या भिंतीवर डकवलेली ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर चिठ्ठ्या. हात ग्रीसनं माखलेले असताना मोबाइलवर ॲप कोण उघडणार? चिठ्ठी शेवटच्या रकान्यात केव्हा जाणार याचा नियम कडक होता. पार्ट गाडीवर बसलेला हवा आणि दुसऱ्या डिपार्टमेंटच्या कुणीतरी तो मापलेला हवा. त्याआधी काम झालं असं कुणी म्हणायचं नाही. इन-सेम परीक्षेच्या आठवड्यात चिठ्ठ्या निम्म्या, ढोल-ताशा पथकातल्या मुलांना गणपतीपर्यंत संध्याकाळची कामं नाहीत, दिवाळीत एमआयडीसीतल्या शेड बंद म्हणून बाहेरचं एकही काम नाही, हेही आम्ही आधीच मांडून ठेवायला लागलो.

पण बोलायचं आहे ते रेट्रोबद्दल.

सुरुवातीच्या रेट्रो भांडणांतच गेल्या. चासीवाले म्हणायचे, सस्पेन्शननं ड्रॉइंग बदललं. सस्पेन्शनवाले म्हणायचे, ब्रॅकेट वेळेत मिळाले नाहीत. रेट्रोस्पेक्टिव्हवर पुस्तक लिहिणारे नॉर्मन कर्थ सांगतात, की त्या वेळी जेवढं ठाऊक होतं आणि हाताशी होतं त्यात प्रत्येकानं आपल्या परीनं चांगलंच केलं, असं धरून बैठकीला बसावं. हे मी दर वेळी सुरुवातीला बोलून दाखवायचे. मग आधी पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त चिठ्ठ्या लिहायच्या, असा नियम केला. आवाज खाली आले, पण बोलणारे तेच राहिले.

मग रोलकेजचं वेल्डिंग झालं आणि डाव्या बाजूचे सस्पेन्शनचे ब्रॅकेट तीन-चार मिलिमीटर सरकलेले निघाले. विशबोनला बोल्ट लागेना. कुणी ड्रॉइंगला दोष दिला, कुणी लेझर कटिंगवाल्याला. त्या रेट्रोत एका चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, "पाइप गरम असतानाच फिक्स्चरचे क्लॅम्प काढले." अक्षर एसईच्या एका मुलाचं, बार्शीकडच्या. त्याच्या वडिलांचं गेट आणि ग्रिल बनवायचं दुकान आहे. वेल्डिंगची उष्णता लोखंड कसं ओढते हे तो शाळेत असल्यापासून बघत आला होता. वेल्डिंगच्या रात्री तो तिथेच उभा होता. मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललास?"

"ताई, सगळे दादा लोक होते. मी कसं सांगणार?"

कॅप्टन थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "पुढच्या वेळी माझा हात धर आणि थांबव."

तेव्हापासून रेट्रोचा क्रम उलटा झाला. आधी एसई, मग टीई, मग बीई, कॅप्टन सगळ्यांत शेवटी. ब्रॅकेट कापून पुन्हा लावले. या वेळी आधी सगळीकडे टॅक मारले, मग आलटून पालटून समोरासमोरच्या बाजूंनी वेल्ड केलं आणि पाइप पुरता गार होईपर्यंत क्लॅम्पला कुणाला हात लावू दिला नाही. लक्ष ठेवायला तोच मुलगा होता. बोल्ट हातानं फिरवत आत गेले.

आणखी एक नियम मला फार मोलाचा वाटतो. रेट्रोतून एकच सुधारणा निवडायची, तिला एका माणसाचं नाव द्यायचं आणि पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डावर इतर कामांसारखीच चिठ्ठी लावायची. दहा सुधारणा लिहिल्या तर एकही होत नाही.

पीथमपूरला ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं लॉक झाली. चार तासांची एन्ड्युरन्स आम्ही पूर्ण केली. क्रमांक मधलाच आला. पण विद्यार्थ्यांच्या टीमची खरी अडचण क्रमांकाची नसते. दर वर्षी बीईची मुलं बाहेर पडतात आणि शिकलेलं बरंचसं त्यांच्याबरोबर जातं. क्लॅम्प केव्हा काढायचा, कोणत्या शेडला दिवाळीआधी किती दिवस जॉब द्यायचा, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं. आम्ही ते प्रत्येक रेट्रोनंतर एका वहीत उतरवत गेलो. आता टीमला ते त्या वहीत सापडतं आणि नवी बॅच पहिल्या स्प्रिंटआधी ती वाचून काढते.

आमच्या टीमचे मार्गदर्शक सर रेट्रोला बसत नसत. "मी बाहेर थांबतो, निर्णय तेवढा सांगा," म्हणायचे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मुलांच्या प्रोजेक्टना मार्गदर्शन करणाऱ्या सर्व सर आणि मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे, की तुमच्या टीमनं अशी वही ठेवली तर तिला मार्क देऊ नका आणि तिच्यावर सही करू नका. ती सबमिशनची वही झाली, तर एसईचा मुलगा तिच्यात क्लॅम्पबद्दल लिहिणार नाही.