जुळारी काका

शिरूरच्या पेठेत एक छापखाना होता. लग्नसराईत पत्रिका छापायच्या आणि चैत्र लागला की गावोगावच्या जत्रांची तमाशाची पोस्टरं. दौंडकडच्या गावांचे गठ्ठे एसटीच्या टपावर चढत. तिथल्या जुळाऱ्याला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याला, सगळे काका म्हणत. शाळा सुटली की मी त्यांच्यापाशी.

विठाबाई नारायणगावकरांचं नाव हातभर लाकडी टायपात, त्याखाली वगाचं. सोंगाड्याचं नाव केवढं घ्यायचं, यावर फडाच्या मॅनेजरशी हुज्जत ठरलेली. दोन रंगांचं पोस्टर मशीनवर दोनदा चढे. दुसऱ्या खेपेला कागद गव्हाएवढा जरी सरकला, तरी काका तो ताव माझ्या हातात देत. "बघ पोरा, कुठं हललंय." फुरसत असली की शाईच्या एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला पिवळा घालून मधे केशरी उमटवत. गिऱ्हाईक त्याचे जादा पैसे देत नसे. हौस त्यांची.

पुढे पुण्यात चित्रकला शिकताना जपानी चित्रकार शाराकूची काबुकी नाटकांतल्या नटांची छापचित्रं पाहिली. 1794-95 मधल्या जेमतेम दहा महिन्यांत त्यानं एकशे चाळीसहून अधिक चित्रं केली. जपानात 1629 मध्ये बायकांना रंगमंचावर बंदी आली, तेव्हापासून स्त्रीपार्टही पुरुषांकडे. शाराकूनं त्यांचा राकट जबडा लपवला नाही. आमच्याकडच्या नाच्याला जवळून पाहिलेल्याला ते चेहरे परके वाटत नाहीत. वर्गातली मुलं रेषेवर बोलत होती. मी मात्र रंग कडेला कुठे हललाय ते शोधत होतो.

या जपानी छापचित्रांत प्रत्येक रंगाला चेरीच्या लाकडाचा वेगळा ठोकळा. चित्रकार काढणार, कोरणारा कोरणार, छापणारा छापणार, प्रकाशक विकणार. चित्रकार हिरोशिगेच्या आभाळातला निळा वर दाट असतो आणि खाली विरत जातो. ती करामत छापणाऱ्याच्या हाताची, दर कागदाला नव्यानं शाई पुसून केलेली. चित्रावर सही मात्र हिरोशिगेची. शिरूरच्या पोस्टरवरही तळाला छापखान्याचं नाव असे, काकांचं कधीच नसे.

आज मी छापचित्रं करून पोट भरतो. डोळा काकांनी दिलेला आहे. ते ऋण फिटायचं नाही, आणि फेडायला काका उरलेले नाहीत.

शिरूर-दौंडकडे कुणाच्या माळ्यावर जत्रेचं जुनं पोस्टर सापडलं, तर रद्दीत घालू नका. गाव आणि साल मागं पेन्सिलीनं लिहा. जुळाऱ्याचं नाव कुणाला आठवत असेल, तर तेही लिहा.