पाण्याची चाल

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची पहाट. अकोट-अकोला रस्ता पावसानं ओला, अनवाणी तळव्यांना खडी बोचते आहे. रात्री गांधीग्रामला पूर्णा नदीत उतरून पाणी भरलं. आता 18 किलोमीटर चालून ते कावडीनं अकोल्याच्या राजराजेश्वर महादेवाला वाहायचं. दोन्ही बाजूंना अंधारात कपाशी उभी. हा खारपाणपट्टा. इथल्या विहिरींचं पाणी मचूळ, म्हणून खांद्यावरच्या पाण्याची माया जरा जास्तच.

मोठी कावड एकट्याची नसते. लांब वाशांवर ओळीनं बांधलेले भरणे, म्हणजे पाण्याचे घडे, आणि खाली कितीतरी खांदे. मी अमरावतीचा, पहिल्यांदा खांदा दिला त्या वर्षी झोप उडाली होती, डोक्यात रात्रभर तेच ते हिशोब. चार पावलांतच माझा पाय चुकला. कावड हेलकावली, पाणी डुचमळून मानेवर सांडलं. शेजारचा अनोळखी माणूस हळूच म्हणाला, ‘‘माह्या पायाकडं पाह्यजो भाऊ, मंग जमते.’’

मी पाहत राहिलो. भेगाळलेली, चिखलानं माखलेली ती पावलं. त्याचा उजवा, माझा उजवा. ‘हर्र बोला महादेव’ची आरोळी, ढोलांचा दणदणाट, आणि त्या सगळ्या गदारोळात खांद्यावरचं पाणी संथ होत गेलं. आतले हिशोब कधी थांबले, कळलंही नाही. एकट्यानं चालताना वेग आपला, काळजीही आपलीच. इथं वेग सगळ्यांचा होता; मला फक्त पुढचं पाऊल सांभाळायचं होतं. खांदा भरून आला की मागून कुणीतरी खांदा लावायचं, न सांगता.

असं सगळ्यांसोबत आतून शांत होणं मला लहानपणापासून ठाऊक होतं. आमच्याकडे मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी अफाट जनसमुदाय एकाच क्षणी स्तब्ध होतो. 1968 साली याच वेळी महाराज गेले. लहानपणी तिथं उभं राहताना शेजारच्याचा श्वास ऐकू यायचा. शांती म्हणजे ते सगळ्यांनी मिळून थांबणं, असं मला वाटायचं. गांधीग्रामच्या वाटेवर उमगलं, की ती चालतेही. शेजारच्याच्या श्वासाशी आपला श्वास जुळला की झालं.

अभिषेक झाला, पाणी पिंडीवरून ओघळून गेलं. गर्दी पांगली. जुन्या शहरातून एकटाच बसस्टँडकडे निघालो, तर पाऊल उचलण्याआधी क्षणभर थबकलो. बाजूला त्या भेगाळलेल्या पायाला शोधत होतो.