फांदी कुठल्या खान्यात?

मालवणात घरबसल्या ट्रकला रस्ता शिकवायचं काम आहे, असं मैत्रिणीने सांगितलं तेव्हा ती चेष्टा करतेय असं वाटलं. मला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. पण काम खरंच होतं. ड्रायव्हरशिवाय लांब पल्ल्याचा माल वाहणारे ट्रक तयार करू पाहणाऱ्या एका नव्या कंपनीचं.

त्या कामाला ॲनोटेशन म्हणतात. ट्रकच्या दर्शनी काचेमागे लावलेल्या कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र माझ्या पडद्यावर येतं. त्यातल्या प्रत्येक वस्तूभोवती माउसने चौकट आखायची आणि बाजूच्या यादीतून तिचा प्रकार निवडायचा. ट्रक, बस, रिक्षा, दुचाकी, माणूस, जनावर, झाडझाडोरा. अशी ढिगाने चित्रं बघून संगणक रस्ता ओळखायला शिकतो. पैसे चित्रामागे मिळतात.

पहिली चित्रं सरळ, चौपदरी, दुभाजक असलेल्या रस्त्याची होती. ती भराभर झाली. मग मुंबई-गोवा महामार्ग आला, म्हणजे आमचाच ६६ नंबरचा, आणि माझी मती गुंग झाली. टेम्पोच्या हौद्यात गणपती आणि त्याला धरून उभी असलेली माणसं. ही माणसं पादचारी की वाहनाचा भाग? पेंढ्याचा एक डोंगर, त्याखाली दोन चाकं तेवढी दिसताहेत. हा ट्रक की गवत? पावसात डांबरावर येऊन बसलेली गुरं, एकमेकांना इतकी चिकटून की चौकट एक काढायची की सहा, कळेना.

सुपरवायझर बंगळुरूला बसतात. त्यांनी धीर दिला की यात गोंधळणारी मी पहिली नाही. कितीतरी संशोधक ज्या 'सिटीस्केप्स' नावाच्या चित्रसंग्रहावर यंत्रांना शिकवत, तो मुख्यतः जर्मन शहरांतला. तिथे रिक्षाही नाही आणि रस्त्यावर गायही नाही. म्हणून हैदराबादच्या ट्रिपल आयटीने इंटेलच्या साथीने २०१८ साली भारतीय रस्त्यांचा स्वतंत्र संग्रह केला. १०,००४ चित्रं, ३४ प्रकार. त्यात रिक्षाला वेगळा खाना मिळाला, आणि रस्ता नसूनही जिथून गाडी जाऊ शकते अशा कडेच्या मातीच्या पट्ट्यालाही. कुठेच न बसणाऱ्या वाहनांसाठी 'इतर' असाही खाना ठेवावा लागला. विद्वानांनाही 'इतर' लागतं हे कळल्यावर मला बरं वाटलं.

पण एका चित्रापाशी मी अडलेच. घाटातलं वळण, रस्ता रिकामा, आणि कडेपासून चाकोरीपर्यंत आडवी पडलेली हिरवी फांदी. यादीप्रमाणे ती झाडझाडोऱ्यात जायला हवी. पण झाडझाडोरा रस्त्याकडेला असतो, हिच्यावरून तर गाडी जाणार. मग अडथळा म्हणायचं? सुपरवायझर म्हणाले, "वस्तू काय आहे तेवढंच सांगा. तिचा अर्थ सांगू नका." त्यामागचं कारणही त्यांनी समजावलं. यंत्राचा एक भाग नुसतं बघतो आणि दुसरा काय करायचं ते ठरवतो. माझं काम बघण्यापुरतं.

माझा मामा मुंबई-गोवा लाइनवर दहा टायरची गाडी चालवतो. घरी आला होता, म्हणून त्याला ते चित्र दाखवलं. त्याने चष्माही लावला नाही.

"ही फांदी पडलेली नाय गो, टाकलेली हा. वळणापलीकडे गाडी बंद पडली हा."

कशावरून, म्हटलं. त्याने बोट ठेवलं. जाड टोक कोयत्याने छाटलेलं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड. भरलेला ट्रक जागच्या जागी थांबत नाही. सुमारे ३६ टनांची अमेरिकन गाडी ताशी १०५ किलोमीटरवरून थांबायला साधारण १६० मीटर घेते, हे मला शिकवणीत सांगितलं होतं. म्हणून तर या ट्रकांना कारपेक्षा लांबचं दिसावं लागतं, आणि त्यासाठी लेझरच्या किरणांनी अंतर मोजणारी महागडी उपकरणं बसवतात. पण डोंगराच्या वळणाआडचं ना कॅमेऱ्याला दिसतं ना लेझरला. ते या फांदीने सांगितलं होतं.

मग मी एकेक अडलेलं चित्र त्याच्यापुढे धरत गेले. पुढच्या ट्रकचा उजवा इंडिकेटर चालू, पण उजवीकडे वळायला रस्ताच नाही. मामा म्हणाला, मागच्याने हॉर्न दिला असणार, त्याला हा 'ये पुढे, मोकळं आहे' म्हणतोय. कोरड्या दिवसात डांबरावर ओल्या पाण्याची रेघ. पुढे मासळीची गाडी आहे, बर्फाचं पाणी गळतंय, रस्ता निसरडा झालाय. मला वस्तू दिसत होत्या. त्याला त्या रस्त्यावरून आधी गेलेल्यांनी मागे ठेवलेले निरोप दिसत होते.

शेवटी त्याने मलाच विचारलं, "आणि तुझी बिनड्रायव्हरची गाडी बंद पडली तर फांदी कोण तोडतलो?"

मला वाटलं, हा कोकणी तिरकसपणा. शोधलं तर कळलं की नेमक्या याच प्रश्नावर अमेरिका अडली होती. तिथल्या नियमाप्रमाणे ट्रक रस्त्यात थांबला की १० मिनिटांत धोक्याचे तीन त्रिकोण मांडावे लागतात. खाली उतरणारा माणूसच नाही, तेव्हा त्याऐवजी केबिनवर लुकलुकणारे दिवे चालवून घ्या, अशी विनंती ऑरोरा आणि वेमो या कंपन्यांनी केली. २०२४ च्या डिसेंबरात सरकारी यंत्रणेने ती फेटाळली आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०२५ मध्ये ऑरोराने टेक्ससमध्ये डॅलस ते ह्यूस्टन विनाचालक ट्रक सुरू केले. थोड्याच दिवसांत, ट्रक बनवणाऱ्या पॅकार कंपनीच्या आग्रहावरून, चालकाच्या जागेवर पुन्हा माणूस बसला. चालवायला नव्हे, नुसता बघायला.

हे ऐकून मामा हसत सुटला. "म्हणजे तेंनी क्लीनराक डायवरच्या शीटार बसयल्यानी!"

आपल्याकडे नितीन गडकरींनी २०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या आयआयएममध्ये सांगितलं होतं की ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. मामाला ते पटतं. तरी माझं काम चालूच आहे, कारण हेच तंत्र ड्रायव्हरला सावध करणाऱ्या उपकरणांत आणि बंदिस्त आवारांतल्या गाड्यांत वापरता येतं. मामाची नोकरी राहावी आणि माझंही काम राहावं, असं मला एकाच वेळी वाटतं.

फांदी मी नियमाप्रमाणे झाडझाडोऱ्यात टाकली. मात्र सुपरवायझरना मेल केला की यादीशेजारी आणखी एक रकाना हवा, आणि तो माझ्यासारखीने नव्हे तर लाइनवरच्या ड्रायव्हरने भरावा. त्यांनी उदाहरणं मागितली आहेत. मामाला विचारलं, बसशील का माझ्याबरोबर चित्रं बघायला?

"बसतंय. पण माझो रेट काय?"

तो प्रश्नही उदाहरणांच्या खाली लिहून पाठवला आहे.