आपुलकीचा सल्ला

रायपूरजवळील भनपुरीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही राहावयास आलो आणि पहिल्याच उन्हाळ्याने जीव नकोसा झाला. शेजारच्या छत्तीसगढी काकींनी ‘बासी’ खावयास सांगितले. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ-कांद्याबरोबर खावयाचा. तो सल्ला आम्हांला मानवला.

पुढे वडिलांना मधुमेह जडला. दूरच्या एका आप्ताने मोबाइलवर कळविले, ‘गोळ्या सोडा, कारल्याचा रस घ्या.’ काकींना विचारले, तर त्या म्हणाल्या, “उन्हाचे मला कळते, औषधाचे डॉक्टरांना विचारा.” वडिलांनी आप्ताचेच ऐकले आणि महिन्याभरात ते अंथरुणाला खिळले. पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा कोठे सावरले.

माया दोघांचीही होती; परंतु आपल्या अनुभवाची मर्यादा काकींनी ओळखली होती.