नावाचा लिलाव

माझ्या वडिलांनी यात्रेकरूंची ने-आण करण्याचा व्यवसाय पुण्यात एका जुन्या बसगाडीवर सुरू केला, तेव्हा भांडवल म्हणावे असे त्यांच्यापाशी फारसे नव्हते. परंतु मोरगावाहून निघून पुन्हा मोरगावी परतेपर्यंत अष्टविनायकांच्या सबंध फेरीत एकाही वृद्ध माणसाला उपाशी वा ताटकळत ठेवायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता चाळीस वर्षांहून अधिक काळ अखंड चालला, आणि त्या शिरस्त्यातून पेढीच्या नावाला जी पत आली, तीच माझ्या वाट्याला आलेली खरी वडिलार्जित मालमत्ता होय. ते नाव मी व्यापारचिन्ह म्हणून रीतसर नोंदवूनही घेतले होते. प्रवासव्यवस्था ज्यात मोडते त्या ३९ व्या वर्गात अर्ज केला, साडेचार हजार रुपये फी भरली, राजपत्रासारख्या त्या चिन्हपत्रिकेत नाव प्रसिद्ध झाल्यावर हरकतीची चार महिन्यांची मुदत निर्वेध गेली, आणि प्रमाणपत्र हाती आले तेव्हा ते चौकटीत बसवून वडिलांच्या तसबिरीखाली लावले. नावाची चिंता मिटली, असेच तेव्हा मला वाटले.

२०२४ च्या चैत्रात, ऐन उन्हाच्या वेळी, साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक सपत्नीक आमच्या कचेरीत आले. अक्षय तृतीयेला केदारनाथाचे दार उघडल्यानंतर निघणाऱ्या यात्रेसाठी आपण दोघांचा विसार भरला असून पावती मात्र अद्याप मिळाली नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मी वही पाहिली, संगणकावर पाहिले. त्यांचे नाव कोठेही नव्हते.

“अहो, असं कसं होईल?” बाई म्हणाल्या. “तुमचंच नाव घालून फोन लावला आम्ही. यांनी नव्हे, मी स्वतः लावला.”

त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, फोन हाती घेतला आणि माझ्यासमोर पुन्हा तोच शोध घेतला. अगदी वर, करड्या बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असा एक शब्द होता. त्याखाली ठसठशीत निळ्या अक्षरांत, काना-मात्रेचाही फरक न करता, आमच्या पेढीचे नाव होते. त्याखाली ‘चारधाम यात्रा, आरक्षण सुरू’ अशी ओळ आणि फोन लावण्याची खूण. बाईंचे बोट त्या निळ्या अक्षरांवर टेकलेले होते. खूण दाबली असता जो क्रमांक उमटला तो आमचा नव्हता. आमचे खरे पान त्याच्याखाली, बोटाने पडदा वर सरकवल्यावर दिसत होते. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त एकदा भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिले, आणि ती नजर मला आजही आठवते.

पेढीच्या जाहिरातींचे काम माझा भाचा पाहतो. त्याने मला त्या संध्याकाळी हा व्यवहार प्रथमच नीट उलगडून सांगितला. शोधयंत्रात कोणी एखादा शब्द घातला, की त्या शब्दावर ज्यांनी ज्यांनी बोली लावून ठेवली असेल त्या सर्वांमध्ये निमिषार्धात लिलाव होतो. केवळ बोलीची रक्कमच नव्हे, तर जाहिरात त्या शोधाशी कितपत सुसंगत आहे हेही जमेस धरले जाते, आणि मग वरच्या जागा वाटल्या जातात. पैसे मात्र माणसाने जाहिरातीवर बोट ठेवले तरच द्यावे लागतात. ‘चारधाम यात्रा’ या शब्दांवर बोली लावावी तशीच ती परक्या पेढीच्या नावावरही लावता येते. त्यातही एक सोय अशी आहे की, जाहिरातीच्या मथळ्यात एक मोकळी जागा ठेवावी आणि बोली लावलेला शब्द यंत्राने तेथे आपोआप आणून बसवावा. आमच्या नावाचे जे झाले ते या सोयीने झाले होते.

“म्हणजे कोणा माणसाने आपलं नाव तिथे लिहिलंच नाही?” मी विचारले.

“बोली लावली ना, मामा,” तो म्हणाला. “ती तर माणसानेच लावली.”

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वकीलमित्राकडे गेलो तो असे गृहीत धरूनच, की नोंदणीकृत नावावर परक्याने बोली लावणे हाच मुळात गुन्हा असला पाहिजे. त्यांनी शांतपणे सांगितले की, कायदा तसे म्हणत नाही. एका नामांकित सामान-वाहतूक पेढीच्या नावावरून गूगलविरुद्ध चाललेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी जो निर्णय दिला, त्यात परक्याचे व्यापारचिन्ह शोधशब्द म्हणून घेणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाच्या अर्थाने त्या चिन्हाचा वापरच आहे, हे मान्य झाले; परंतु तेवढ्यानेच चिन्हाचा भंग होत नाही, ग्राहकाचा गोंधळ होत असेल अथवा त्या नावाच्या पतीचा गैरफायदा घेतला जात असेल तरच तो होतो, असेही ठरले. त्याच न्यायालयाने पुढे डिसेंबर २०२३ मध्ये मेकमायट्रिप आणि बुकिंग डॉट कॉम यांच्या वादात, आधी दिला गेलेला मनाई हुकूम रद्द केला, कारण बुकिंग डॉट कॉमची जाहिरात पाहून ती मेकमायट्रिपची आहे असे कोणास वाटण्याचा संभव नाही. युरोपच्या न्यायालयाने तर २३ मार्च २०१० रोजीच, लुई व्हितोंच्या प्रकरणात, कसोटी घालून दिली होती: जाहिरात कोणाची आहे हे बऱ्यापैकी जाणत्या आणि सावध वापरकर्त्यास विनासायास कळते की नाही, एवढे पाहावे.

या न्यायातील तर्क मला समजतो आणि पटतोही. मंडईत एका प्रसिद्ध दुकानाच्या शेजारी दुसऱ्याने दुकान थाटले आणि पाटीवर स्वतःचे नाव लिहिले, तर तक्रारीला जागा नाही. गिऱ्हाइकाला निवड मिळते. पण तो सावध, जाणता वापरकर्ता कोण, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आमच्या व्यवसायातले गिऱ्हाईक बहुशः साठी ओलांडलेले असते, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले असते, आणि ‘प्रायोजित’ या करड्या शब्दाचा अर्थ त्याला कोणी कधी शिकवलेला नसतो. सावधपणाची कसोटी लावायची तर ती त्या बाईंच्या बोटाला आणि चष्म्याला लावून पाहिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या बाबतीत मात्र प्रश्न सोपा होता, कारण नाव मथळ्यातच होते. शोधयंत्राच्या कंपनीकडे प्रमाणपत्राचा क्रमांक देऊन अर्ज केला, आणि काही दिवसांत त्या जाहिरातदाराला आमचे नाव मजकुरात वापरण्यास मज्जाव झाला. बोलीला मज्जाव झाला नाही. तशी हरकत ती कंपनी विचारातच घेत नाही. वकिलांची नोटीस गेल्यावर त्या पेढीने गुरुजींचा विसार परत केला आणि यंत्राने नाव आपोआप घातले, अशी कैफियत दिली.

प्रकरण येथे संपले असते. पण आमचेच जाहिरात-खाते कसे चालते ते तरी पाहावे म्हणून मी भाच्याजवळ बसलो, आणि शोधशब्दांची लांबलचक यादी वाचता वाचता थबकलो. ‘अष्टविनायक दर्शन’, ‘लेण्याद्री ओझर सहल’ अशा शब्दांच्या खाली तीन परक्या पेढ्यांची नावे होती. त्यांतील तिसरे नाव मी लहानपणापासून ऐकत आलो होतो: आमची गाडी एकदा सिद्धटेकजवळ बंद पडली, तेव्हा ज्यांनी आपली रिकामी गाडी एक पैसाही न घेता रातोरात पाठवली होती, त्यांचे ते नाव. आमच्या जाहिरातीच्या मथळ्यात ते कधी आले नव्हते. कायद्याने आमचा कसूर नव्हता. तरीही मी जाब विचारला.

“सगळेच घेतात, मामा,” भाचा खाली मान घालून म्हणाला. “माणशी खर्च थोडा जास्त पडतो, पण चौकशा येतात.”

ती तिन्ही नावे मी तेथल्या तेथे काढायला लावली. नुसती काढून भागत नाही, हेही तेव्हाच कळले: शोधशब्द सैल ठेवले असले तर यंत्र जवळपासच्या अर्थाचे शोध स्वतःच जुळवते आणि परक्याच्या नावाखाली आपली जाहिरात जाऊन बसते, म्हणून ती नावे वर्ज्य शब्दांच्या यादीत मुद्दाम लिहावी लागतात. भाच्याने ती एकेक करून लिहिली, आणि मराठीत व इंग्रजीत लोक ती जितक्या प्रकारांनी लिहितात तितक्या प्रकारांनी लिहिली.

पुढच्या महिन्यात आमच्याकडील चौकशा थोड्या घटल्या. स्वतःच्या नावावर मात्र आम्हाला आजही बोली लावावी लागते, नाहीतर वरची जागा दुसरा घेतो. तो खर्च वहीत स्वतंत्र रकान्यात मांडलेला असतो. गुरुजी आणि बाई त्या वर्षी भाद्रपदानंतरच्या गाडीने आमच्याबरोबर केदारनाथाला जाऊन आले. त्यांचा विसार मी फोनवर घेतला नाही. साताऱ्याला माणूस पाठवून पावती हातात दिली.