चमचाभर विरजण

मुलांनो, घरातलं विरजण संपलं, की आई काय सांगते? "जा, शेजारच्या काकूंकडून चमचाभर घेऊन ये." काकू देतात. त्यांचं दही काही संपत नाही आणि आपल्याकडे पातेलंभर लागतं. शिकण्याचंही असंच असतं, हे मला एका मुलीमुळे कळलं. त्याआधी मात्र माझं फार चुकलं होतं. तेच आज सांगते.

मी डोंगरातल्या एका लहान गावात प्राथमिक शाळेत शिकवते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. मग मी रोज सकाळी मोबाईलवर धडा पाठवू लागले. उत्तर आलं, की वहीत बरोबरची खूण. नाही आलं, की फुली. चौथीतल्या एका मुलीच्या नावापुढे फुल्याच फुल्या! वर्गात पहिला हात तिचाच वर असायचा. मी मनात म्हटलं, 'सुट्टी मिळाली आणि पोरगी आळशी झाली!'

पुढे पोषण आहाराचे तांदूळ वाटायला शाळेत गेले, तेव्हा ती वडिलांबरोबर आली. मी सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, अभ्यास सोडलास वाटतं?" ती मान खाली घालून अंगठ्याने माती उकरत राहिली. वडीलच बोलले, "बाई, घरात फोन एकच. तो माझ्यासंगं कामावर. अन् घरी आणला तरी रेंज कुठंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरी फुली मलाच मिळायला हवी होती.

त्या रात्री विचार केला. बालभारतीच्या पुस्तकांत चौकोनी क्यूआर कोड असतात. ते फोनने टिपले, की २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा'वरचे धडे उघडतात. ते उतरवून ठेवले, तर नंतर रेंज नसली तरी दिसतात. पुण्याच्या 'आयुका' संस्थेत मुलांसाठी बरीच वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी तर टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करायची पुस्तकं आणि फिती इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत, मराठीतसुद्धा! २०१८ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या. विरजणच ते!

पण विरजण काकूंच्या घरात राहिलं, तर आपलं दही लागेल का? कुणीतरी ते आणायला नको?

मग मी खिंडीत, जिथे रेंज येते तिथे, जाऊन धडे उतरवू लागले. ज्यांच्याकडे फोन होता, त्यांना मेमरी कार्डावर दिले. ज्यांच्याकडे नव्हता, त्यांच्यासाठी कृती कागदावर लिहून काढल्या. त्या मुलीच्या पडवीत, तोंडाला मास्क लावून, लांब बसून आम्ही खेळ मांडला. गुल काढून टाकलेल्या आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे जोडून तिने त्रिकोण केला. दाबला, हलेना. चौकोन केला. दाबला, लगेच तिरका झाला! मी काही सांगायच्या आत तिने चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी काडी बसवली. चौकोन घट्ट उभा राहिला.

"बाई," ती ओरडली, "गोठ्याच्या दाराला आबा म्हणूनच तिरकी फळी मारत्यात व्हय?"

हे माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी पाहते तर काय, शेजारच्या दोन पोरांना घेऊन ती काड्या जोडत बसली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता ती हायस्कूलला जाते. हजेरी घेताना एखादा गप्प दिसला, की फुली मारायच्या आधी मी त्याच्या घरी जाऊन येते.

तुमच्या वर्गातही फोन नसलेला एखादा मित्र असेल. पुढचा धडा त्याच्याबरोबर बसून पाहाल ना? आणि पालकहो, रात्री तासभर तुमचा फोन दोन घरच्या मुलांना मिळाला, तर तुमचं दही काही कमी होणार नाही!